मृताला विशेषण कोण देते? : गडचिरोलीतील हिंसाचार, मराठी वृत्तपत्रे आणि राजकीय प्रतिक्रिया

प्रस्तावना

विदर्भाच्या पूर्व टोकाला घडलेला हिंसाचार पश्चिम टोकाला वृत्तपत्रांच्या आधारेच कळतो. वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजारपासून गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडपर्यंतचे अंतर रस्त्याने चारशे किलोमीटरहून अधिक आहे. परंतु अडसर केवळ अंतराचा नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात प्रामुख्याने वृत्तपत्रांच्या अकोला आवृत्त्या येतात. तर २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीचे जिल्हापान नागपूर आवृत्तीशी जोडलेले असते. परिणामी धानोरा किंवा एटापल्ली तालुक्यातील एखाद्या आदिवासीची हत्या गडचिरोलीच्या पानावर एक-दोन रकान्यांत छापली जाते आणि बहुधा तेथेच संपते. मंगरुळपीर तालुक्यातील वाचकापर्यंत ती पोहोचत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती केवळ मोठी घटना, म्हणजे ज्या दिवशी दहा-पंधरा पोलीस एकाच वेळी मारले जातात किंवा नक्षलवादी तेवढ्याच संख्येने ठार होतात तो दिवस.

१९८० च्या सुमारास तत्कालीन आंध्र प्रदेशातून नक्षलवादी या भागात आले. तेव्हापासून चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या या संघर्षाला शासनाने कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न म्हटले, तर नक्षलवाद्यांनी लोकयुद्ध. नामकरणाचा हा वाद संघर्षाच्या नावापुरता मर्यादित नाही. मेलेल्या प्रत्येक माणसापर्यंत तो जातो. मृत माणूस कोण होता, हे ठरविण्याचा अधिकार मराठी वृत्तपत्रांनी प्रत्यक्षात कोणाकडे सोपविला आहे, याची तपासणी येथे अभिप्रेत आहे. या तपासणीतून हाती लागणारे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. बहुतेक वेळा हा अधिकार मारणाऱ्याकडेच राहिला आहे.

कसनासूर ते जांभूळखेडा : एका साखळीचे तीन दुवे

२२ एप्रिल २०१८ रोजी इंद्रावती नदीकाठच्या बोरिया-कसनासूर परिसरात पोलिसांच्या सी-६० पथकाने मोठी कारवाई केली. प्रारंभी १६ नक्षलवादी ठार झाल्याचे सांगण्यात आले. पुढे नदीतून मृतदेह निघत गेले, दुसऱ्या एका चकमकीतील सहा मृत त्यांत मिळविले गेले आणि काही दिवसांतच आकडा ४० वर पोहोचला. धावफलक वाढावा तसा हा आकडा मथळ्यांतून वाढत गेला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. जवानांच्या जल्लोषाची दृश्ये वाहिन्यांवरून दाखविली गेली. याच दरम्यान गट्टेपल्ली या गावातील पालकांनी आपल्या गावची आठ तरुण मुले-मुली बेपत्ता असल्याचे सांगितले. ही मुले लग्नासाठी गेली होती, असे त्यांचे म्हणणे होते. ती नुकतीच नक्षल दलात भरती झाली होती, असे पोलिसांचे म्हणणे होते. मानवाधिकार संघटनांच्या तथ्यशोधन पथकांनी संपूर्ण कारवाईविषयीच शंका उपस्थित केली आणि पोलिसांनी ती फेटाळली.

यातील कोणते कथन खरे, हा न्यायालयीन चौकशीचा विषय आहे. समीक्षेचा विषय आहे तो या दोन कथनांना मिळालेल्या जागेचा. पोलिसांचे कथन ‘बातमी’ म्हणून आले, पालकांचे कथन ‘आरोप’ म्हणून. वास्तविक दोन्हीही त्या क्षणी असिद्ध दावे होते. एकाला मथळा मिळाला, दुसऱ्याला अवतरणचिन्ह.

साखळीचा दुसरा दुवा जानेवारी २०१९ मधील आहे. कसनासूर येथीलच तीन ग्रामस्थांना नक्षलवाद्यांनी नेले आणि ठार मारून त्यांचे मृतदेह रस्त्यावर टाकले. २२ एप्रिलच्या घटनेची माहिती पोलिसांना दिल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवण्यात आला होता. तिसरा दुवा १ मे २०१९ चा, महाराष्ट्र दिनाचा. आदल्या रात्री कुरखेडा तालुक्यातील दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील दोन डझनांहून अधिक वाहने नक्षलवाद्यांनी जाळली. तेथे सापडलेल्या फलकांवर वर्षभरापूर्वीच्या ४० मृत्यूंचा निषेध होता. त्या घटनास्थळाकडे खासगी वाहनातून निघालेले शीघ्र कृती दल जांभूळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात सापडले. १५ पोलीस आणि वाहनाचा चालक, असे १६ जण मृत्युमुखी पडले.

कारणपरंपरेच्या दृष्टीने या तिन्ही घटना एकाच धाग्यात ओवलेल्या आहेत. वृत्तपत्रांच्या स्मरणात मात्र पहिली आणि तिसरी राहिली. पहिली विजय म्हणून राहिली, तिसरी बलिदान म्हणून. मधली गळाली. ती गळाल्यामुळे जांभूळखेड्याचा स्फोट वाचकाला आकस्मिक आणि अनाकलनीय वाटला, आणि कसनासूरच्या ‘विजया’ची किंमत त्याच गावच्या तीन माणसांनी मोजली हे त्याच्या ध्यानात आले नाही. दोन बंदुकांच्या मधल्या जागेत जे राहतात, त्यांची बातमी नेमकी मधल्या दुव्यात होती.

जांभूळखेड्याची घटना पश्चिम विदर्भात विशेष तीव्रतेने पोहोचली, याचेही एक कारण आहे. मृत पोलिसांत गडचिरोली, भंडारा या भागांतील जवानांबरोबर यवतमाळ, बुलडाणा, हिंगोली आणि बीड या जिल्ह्यांतील जवान होते. यांपैकी पहिले तीन जिल्हे वाशीमला लागून आहेत. त्यामुळे गावात आलेले पार्थिव, मानवंदना, वृद्ध आई-वडील, लहान मुले यांचे तपशीलवार वृत्तांकन अकोल्याच्या पानांवर शक्य झाले. हे वृत्तांकन योग्यच होते आणि त्यातील काही मजकूर संयत व हृद्य होता. मृत माणूस कोण होता, त्याचे शेत किती, त्याचे लग्न कधी झाले, तो सुट्टीवर कधी येणार होता, हे वाचकाला त्यातून कळले. हाच प्रश्न कसनासूरच्या तिघांविषयी विचारला गेला असता तर? त्यांच्या घरापर्यंत जाण्यास अकोल्याच्या वार्ताहराला रस्ता नव्हता हे मान्य. परंतु नागपूरच्या वार्ताहरालाही तो क्वचितच सापडला. जांभूळखेड्याच्या मृतांची गणनाही पाहण्यासारखी आहे. ‘१५ जवान शहीद’ या मथळ्यात सोळावा माणूस मावत नाही. वाहनचालक त्याच स्फोटात मेला, परंतु गणवेश नसल्यामुळे तो बातमीच्या दुसऱ्या वाक्यात गेला.

‘कंठस्नान’ आणि ‘खबऱ्या’

मराठी वृत्तपत्रांनी या संघर्षासाठी जो शब्दसंग्रह घडविला, त्याची कुळी तपासणे उद्बोधक ठरते. पोलिसांच्या कारवाईत नक्षलवादी मेल्यास त्याला ‘कंठस्नान’ घातले जाते, त्याचा ‘खात्मा’ होतो. कंठस्नान म्हणजे शिरच्छेद. रक्ताने गळ्याला घातलेली अंघोळ. बखरी आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या वातावरणातून आलेला हा शब्द एकविसाव्या शतकातील पोलीस कारवाईला लावला जातो, तेव्हा कारवाईचे स्वरूपच बदलते. आरोपीस अटक करणे, प्रतिकार झाल्यास आवश्यक तेवढेच बळ वापरणे आणि मृत्यू झाल्यास त्याची चौकशी करणे, ही कायद्याची भाषा होय. कंठस्नान ही रणभूमीची भाषा आहे आणि रणभूमीवर चौकशी नसते. नक्षलवादी नेत्यास लावले जाणारे ‘जहाल’ हे विशेषणही असेच अंगवळणी पडले आहे. एकेकाळी टिळकपक्षाच्या राजकारणासाठी रूढ झालेला हा शब्द आज पोलीस पत्रकातून थेट मथळ्यात उतरतो.

याहून गंभीर प्रश्न ‘खबऱ्या’ या शब्दाचा आहे. नक्षलवाद्यांनी सामान्य नागरिकांच्या ज्या हत्या केल्या, त्यांचे बळी मुख्यतः आदिवासीच होते. पोलीस पाटील, सरपंच, माजी सरपंच, शरणागती पत्करून गावी परतलेला तरुण, क्वचित केवळ पोलीस ठाण्यात कामानिमित्त जाऊन आलेला शेतकरी असे ते लोक. मृतदेहाजवळ पत्रक टाकले जाते आणि त्यात हा माणूस पोलिसांचा खबऱ्या होता, असे लिहिलेले असते. दुसऱ्या दिवशीचा मथळा पुष्कळदा असा असतो : ‘पोलीस खबऱ्याची हत्या’. क्वचित ‘खबरी असल्याच्या संशयावरून’ असे लिहिले जाते.

या दोन मथळ्यांतील अंतर लहान नाही. पहिल्या मथळ्यात आरोप हेच ओळखपत्र बनते. ज्यांनी कोणतीही सुनावणी न घेता माणूस मारला, त्यांचाच निवाडा वृत्तपत्र स्वतःच्या नावावर छापते. दुसऱ्या मथळ्यात ‘संशय’ हा शब्द असल्याने तो अधिक सभ्य वाटतो, परंतु तोही पुरेसा नाही. संशय कोणाचा, कशावरून, हे बातमीत येत नाही आणि वाचकाच्या मनात एक अर्धवट समर्थन शिल्लक राहते, की असेल काही तरी, उगीच कोण मारेल. शहरातील एखाद्या व्यापाऱ्याचा खून झाल्यास मारेकऱ्याने दिलेले कारण मथळ्यात मृताचे विशेषण म्हणून छापले जात नाही. भामरागडच्या माडियाच्या बाबतीत ते सहज छापले जाते.

त्या विशेषणाचे ओझे मृताच्या कुटुंबाला वाहावे लागते. गाव तेच असते आणि दलमही अनेकदा त्याच जंगलात असते. खबऱ्याचे घर म्हणून ओळखले जाणे म्हणजे पुढच्या संशयाच्या रांगेत उभे राहणे. म्हणून ‘खबऱ्या’ या शब्दाचा बेफिकीर वापर ही केवळ भाषिक चूक ठरत नाही.

येथे एक साम्य नोंदविणे आवश्यक आहे. ‘नक्षलवादी ठार’ या मथळ्यातही मृताची ओळख मारणाऱ्याने दिलेली असते आणि ‘खबऱ्याची हत्या’ या मथळ्यातही. शासन आणि नक्षलवादी यांना एका पारड्यात घालण्याचा हा प्रकार नव्हे. एक यंत्रणा संविधानाला उत्तरदायी आहे, दुसरी कोणालाच नाही. उलट, म्हणूनच शासनाच्या दाव्याची तपासणी अधिक काटेकोर व्हावयास हवी, कारण तपासणीची सोय तेथेच आहे. परंतु वार्तांकनाची पद्धत पाहिली तर दोन्हीकडे एकच दोष आढळतो. मृताविषयी मृताच्या लोकांना विचारले जात नाही. सी-६० मध्ये स्थानिक आदिवासी तरुणांचा मोठा भरणा आहे, नक्षल दलमच्या खालच्या फळीतही तेच आणि खबऱ्या ठरविले गेलेलेही तेच. तिन्ही मृतांची भाषा पुष्कळदा गोंडी किंवा माडिया. ती जाणणारा वार्ताहर मात्र विरळा.

निषेधाचे व्याकरण

राजकीय प्रतिक्रियांचा विचार करता, त्या घटनेला नव्हे तर मथळ्याला दिलेल्या असतात, असे दिसून येते. २००९ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १ फेब्रुवारी रोजी धानोरा तालुक्यातील मरकेगाव येथे १५ पोलीस मारले गेले. २१ मे रोजी हत्तीगोटा येथे १६, त्यांत पाच महिला पोलीस होत्या. ८ ऑक्टोबर रोजी भामरागड तालुक्यातील लाहेरी येथे १७. तीन घटनांत ४८ पोलिसांचा मृत्यू झाला. लाहेरीनंतर पाचच दिवसांनी, १३ ऑक्टोबर रोजी, विधानसभेचे मतदान होते. प्रत्येक वेळी ‘भ्याड हल्ला’, ‘बलिदान व्यर्थ जाऊ देणार नाही’, ‘चोख प्रत्युत्तर’ ही तीन पदे ठरलेल्या क्रमाने आली. विरोधकांकडून ‘गृहखात्याचे अपयश’ हे चौथे पद आले. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, सत्ताधारी व विरोधक यांची जागा बदलली होती. जांभूळखेड्यानंतर पूर्वीचे सत्ताधारी राजीनामा मागत होते आणि पूर्वीचे विरोधक प्रत्युत्तराची ग्वाही देत होते. वाक्ये तीच राहिली, बोलणारे बदलले.

‘भ्याड’ हा शब्दही थोडा थांबून पाहावा असा आहे. भूसुरुंग पेरून माणसे मारणे निर्घृण आहे, यात शंका नाही. परंतु हल्ल्याला भ्याड म्हटले की गुप्तवार्ता कोठे कमी पडली, रस्ता तपासल्याविना खासगी वाहनातून पथक का निघाले, हे प्रश्न बाजूला पडतात. जांभूळखेड्यानंतर काही वार्ताहरांनी हे प्रश्न विचारले आणि ते त्या आठवड्यातील उत्तम पत्रकारितेचे उदाहरण होय. मात्र ते आठवडाभरच टिकले.

दुसऱ्या बाजूने, पोलिसांना यश मिळाले की अभिनंदन, बक्षिसे आणि पदोन्नती यांच्या बातम्या येतात. या ठिकाणी सर्वोच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०१४ चा निकाल विसरला जातो. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्यायालयाने चकमकीतील मृत्यूंसाठी १६ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. गुन्ह्याची नोंद, स्वतंत्र तपास आणि दंडाधिकारीय चौकशी यांबरोबरच, चकमकीनंतर लगेच शौर्य पुरस्कार वा तत्काळ पदोन्नती देऊ नये, शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच ती द्यावी, असेही त्यात आहे. हा निकाल महाराष्ट्रातील प्रकरणातून आला, तरी गडचिरोलीतील चकमकीच्या बातमीत त्याचा उल्लेख अपवादानेच आढळतो. दंडाधिकारीय चौकशीचे आदेश झाल्याची ओळ कधीमधी येते. चौकशीचे फलित सहसा येत नाही. मंत्र्यांना ते कोणी विचारत नाही, कारण तोवर मथळा शिळा झालेला असतो.

संख्या पुरेशी मोठी नसेल तर प्रतिक्रियाच येत नाही. एका आदिवासीच्या हत्येवर मुख्यमंत्र्यांचे निवेदन येणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. त्यात राजकारण्यांचा दोष आहेच, परंतु त्यांना जे दिसते ते पहिल्या पानावरून दिसते, आणि पहिले पान कोणी सजविले हा प्रश्न वृत्तपत्रांकडेच परत येतो.

नाव असलेल्या मृताची बातमी कशी वेगळी होते, हे १३ नोव्हेंबर २०२१ च्या मर्दिनटोला येथील चकमकीत दिसले. पोलिसांनी प्रथम २६ मृतदेह सापडल्याचे जाहीर केले. त्यांत मिलिंद तेलतुंबडे होते. यवतमाळ जिल्ह्यातील राजूरचा हा तरुण चळवळीत कसा आला, यावर स्तंभच्या स्तंभ लिहिले गेले. उरलेल्यांची नावे, पदे आणि त्यांच्यावरील बक्षिसांच्या रकमा यांची यादी छापली गेली. बक्षिसाची रक्कम हेच त्या माणसाचे चरित्र झाले. एखादी अठरा-वीस वर्षांची मुलगी दलममध्ये का गेली, हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे, राज्यशास्त्राचा आहे आणि बातमीचाही आहे. यादीत तो विचारता येत नाही.

वार्ताहराची कोंडी

एवढी टीका करताना तालुका वार्ताहराच्या परिस्थितीची दखल न घेणे अन्यायाचे होईल. बहुतेक तालुका वार्ताहर नियमित वेतनावर नसतात. जाहिरातींच्या दलालीवर त्यांचा निर्वाह चालतो. घटनास्थळ जंगलात, पोहोचण्याची परवानगी पोलिसांच्या हाती आणि परतीचा रस्ता नक्षलवाद्यांच्या प्रभावाखाली, अशा स्थितीत पोलीस मुख्यालयातून आलेली प्रसिद्धीपत्रिका हाच सुरक्षित मजकूर ठरतो. शेजारच्या बस्तरमधील साई रेड्डी या पत्रकाराचे उदाहरण बोलके आहे. नक्षलवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून छत्तीसगडच्या जनसुरक्षा कायद्याखाली त्यांना कारावास भोगावा लागला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नक्षलवाद्यांनीच त्यांची हत्या केली. दोन्ही बाजूंनी दिलेली दोन परस्परविरोधी विशेषणे एकाच माणसाच्या वाट्याला आली.

तरीही अपवाद आहेत. ‘लोकसत्ता’च्या नागपूर आवृत्तीतून देवेंद्र गावंडे यांनी या प्रश्नावर सातत्याने केलेले लेखन शासन, नक्षलवादी आणि त्यांचे शहरी समर्थक या साऱ्यांना प्रश्न विचारत आले आहे, त्यातील मतांशी असहमत असणाऱ्यालाही त्यामागचा प्रत्यक्ष परिचय नाकारता येत नाही. अशा लेखनातूनच गडचिरोलीत स्फोटांखेरीज अन्य काही घडते हे कळते. मरकेगावची घटना ज्या धानोरा तालुक्यात घडली, त्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला त्याच २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातील या प्रकारच्या पहिल्या मान्यतांपैकी ती एक. पश्चिम विदर्भातील किती वाचकांना मरकेगाव आठवते आणि किती जणांना मेंढा, याचा अंदाज करणे कठीण नाही.

नोंदीचा प्रश्न

पेरू या देशात शायनिंग पाथ या माओवादी संघटनेच्या सशस्त्र संघर्षानंतर नेमलेल्या सत्य व समन्वय आयोगाने ऑगस्ट २००३ मध्ये आपला अहवाल दिला. मृत व बेपत्ता यांची संख्या ६९ हजारांहून अधिक असावी, असा त्याचा अंदाज होता; तोवर मानल्या गेलेल्या संख्येच्या तो जवळपास दुप्पट निघाला. बळींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांची मातृभाषा केचुआ किंवा अन्य मूलनिवासी भाषा होती. राजधानी लिमामधील वृत्तपत्रे रोज निघत असतानाही इतकी माणसे नोंदीबाहेर राहिली. गडचिरोलीतील संघर्षाचे प्रमाण त्या मानाने फार लहान आहे. परंतु राजधानीची भाषा न बोलणारे मृत राजधानीच्या वृत्तपत्रांत मोजले जात नाहीत, हे तेथील निरीक्षण येथेही लागू पडते.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या ज्येष्ठ माओवादी नेत्याने सुमारे ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. त्या दिवशीची छायाचित्रे सर्व आवृत्त्यांतून, अकोल्याच्याही, पहिल्या पानावर येण्याजोगीच होती. कालपर्यंत ‘जहाल’ असलेला माणूस त्या बातम्यांत ‘मुख्य प्रवाहात’ आला. शरणागतीचे स्वागत व्हावे. रक्तपात थांबण्याचा तो मार्ग आहे. मात्र शरण आलेल्याचे विशेषण एका दिवसात बदलते, तर खबऱ्या ठरवून मारल्या गेलेल्याचे विशेषण बदलण्याची कोणतीही प्रथा मराठी वृत्तपत्रांत नाही.

उद्याचा संशोधक या संघर्षाचा इतिहास लिहू लागेल तेव्हा त्याच्यासमोर पोलिसांची पत्रके, नक्षलवाद्यांची पत्रके आणि या दोहोंवरून तयार झालेली वृत्तपत्रे असतील. गडचिरोलीची जिल्हापाने वाशीम, बुलडाणा, यवतमाळच्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत नाहीत. जेथे होती तेथेही जुने अंक रद्दीत गेले असण्याचीच शक्यता अधिक. गावोगावच्या मौखिक साक्षी नोंदविण्याचे काम गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांना सर्वाधिक शक्य आहे, आणि गोंडी-माडिया जाणणारे विद्यार्थी तेथेच आहेत. दुसरी एक संधी वार्ताहरांपुढे आहे. कोणाला खबऱ्या ठरवायचे हे दलममध्ये कोण ठरवीत असे, कोणत्या माहितीवर आणि संशयिताला बोलू दिले जात असे काय, हे सांगू शकणारी माणसे आज पुनर्वसनाच्या वसाहतींत राहतात. त्यांच्या मुलाखती छापल्या जातात. त्यांत जंगलातील खडतर जीवन, नेतृत्वाविषयीचा भ्रमनिरास आणि शरणागतीचे कारण यांवर भर असतो. कसनासूरच्या तिघांविषयीचा प्रश्न त्यांना विचारता येण्यासारखा आहे.